डाव्या पायाचा साचा

१

माती भट्टीत जाताना जेवढी असते तेवढी बाहेर येत नाही. जवळजवळ सहावा हिस्सा आग ठेवून घेते. त्यामुळे साचे करणाऱ्या माणसाला सगळ्या वस्तू थोड्या मोठ्या बघायची सवय लागते. कुणी वाटी मागितली की मी त्या वाटीच्या थोरल्या बहिणीचा साचा करतो, मग भट्टीतून येते ती बरोबर गिऱ्हाइकाच्या मापाची.

मी ओउयांग. चीनमधल्या जिंगदेझन या चिनी मातीच्या भांड्यांच्या गावात प्लास्टरचे साचे करतो. गल्लीत मला ओउयांग मिस्त्री म्हणतात. माझी बायको लानयिंग शिल्पं करते. पूर्वी ती मोठमोठ्या दुकानांसाठी फायबरची कामं घ्यायची. दोन पुरुष उंच, हिरवागार, मोटारीसारखा चकाकणारा कोबी तिचाच. लोक त्याला पाठ टेकून फोटो काढायचे. "हा कोबी जगबुडीतसुद्धा तरंगेल," असं ती हसत सांगायची. "आणि तरी कुणाच्या लक्षात राहणार नाही."

आमची मुलगी मीली. मीली म्हणजे तांदळाचा दाणा. जन्मली तेव्हा तेवढीशीच होती. पाच वर्षांची असताना, थंडी सरत आली तेव्हा, तिला ताप आला आणि तो डोक्यात गेला. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. आम्ही तिला घेऊन गेलो होतो आणि तिचे कपडे घेऊन परत आलो.

त्यानंतर लानयिंग कारखान्यात यायची बंद झाली. खाली साच्यांचं काम, वर माळा, मागे अंगण आणि आमची छोटी गॅसभट्टी, एवढाच आमचा कारखाना. मी एकटाच उघडायचो, एकटाच बंद करायचो. मग एका सकाळी मी प्लास्टरची पोती घेऊन आलो तर दार आधीच उघडं होतं. आत बादलीभर माती पेजेसारखी पातळ कालवलेली. बादलीवर आडव्या काठीला तारेने टांगलेला एक लहानसा बूट. त्यातून पांढरे थेंब टपटपत होते.

२

जांभळ्या कॉर्डरॉयचे ते बूट लानयिंगच्या आईने शिवले होते. वरून एक पट्टी, पट्टीला काळं बटण. टांगलेला होता तो डावा.

"काय केलंस तू हे?"

"बुडवला."

"लानयिंग, तो तिचा बूट आहे."

"कुणाचा आहे ते मला माहितेय."

कापड मातीत बुडवून भाजलं की कापड जळून जातं. राहतं ते त्याच्याभोवतीचं मातीचं कवच, आणि आत कापडाची रिकामी जागा. लानयिंगने दुसऱ्या दिवशी तो आमच्या छोट्या भट्टीत भाजला. बाहेर आला तेव्हा कॉर्डरॉयची रेघ न् रेघ त्यावर होती. बटण होतं. मीली घाईघाईने पाय घालायची म्हणून मुडपलेली टाचही होती. फक्त बूट लहान झाला होता. माझ्या तळहातावर मावला. मीली तीन वर्षांची असताना घालायची, साधारण तेवढा.

मी उजवा बूट उचलून बिस्किटांच्या डब्यात ठेवला आणि डबा कपाटात. "हा नाही जाळू देणार."

"मग साचा कर त्याचा."

"किती वाढ धरू?"

"अजिबात धरू नकोस," लानयिंग म्हणाली. "आकसू दे."

आयुष्यात पहिल्यांदा मी असा साचा केला ज्यात आगीचा वाटा धरला नव्हता. प्लास्टर चिकटू नये म्हणून कॉर्डरॉयला साबणाचं पाणी लावताना माझे हात कसे चालले होते ते मी सांगत बसत नाही.

शांघायहून गू बाई आल्या. प्रदर्शनं भरवणाऱ्या, लानयिंगचं काम त्या पूर्वीपासून बघत. त्यांनी तो डावा बूट दोन्ही हातांत घेतला आणि मुडपलेल्या टाचेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाल्या, "आठवणसुद्धा अशीच आकसत जाते, नाही का?"

"नाही हो," लानयिंग म्हणाली. "आठवण कुठे आकसते? माती आकसते."

"मग हाच बूट फायबरमध्ये का नाही केलात? मापाला तंतोतंत आला असता."

"म्हणूनच नाही केला. तंतोतंत आला असता तर लोकांनी बूट बघितला असता. आम्ही तिला परत मागितली, गू बाई. सगळीच्या सगळी मागितली. मिळालं ते एवढं." तिने बुटाकडे बोट केलं. "हे माझ्या हाताने लहान केलेलं नाही. मी कोरून लहान केला असता तर ती माझी कारागिरी झाली असती. हे भट्टीने केलंय. माझं काही चाललं नाही, हे बघणाऱ्याला कळायला हवं."

गू बाईंनी मान डोलावली. मग माझ्याकडे वळून विचारलं, "आणि मिस्त्री, तुम्हाला काय वाटतं?"

मला काय वाटायचंय! मी म्हटलं, चहा आणतो.

३

गू बाईंना एक मोठी भिंत भरायची होती. पांढऱ्या भिंतीवर पांढरे, सगळे उजव्याच पायाचे बूट. मी साच्यात माती ओतायची, जरा थांबायचं, जादा माती काढून टाकायची, साचा उघडायचा. लानयिंगने कडा पुसून पारदर्शक झिलई द्यायची. रोजचं काम होतं. कित्येक महिन्यांनी आम्ही दोघं एका टेबलाशी बसत होतो, आणि मला तेवढंच पुरेसं होतं.

पहिली खेप आम्ही छिउ काकूंच्या मोठ्या भट्टीत लावली. छिउ काकूंची भट्टी भाड्याची. गल्लीतल्या सगळ्यांचा माल तिथे एकत्र भाजला जातो, फुलदाण्यांशेजारी बुद्ध आणि बुद्धांशेजारी बाथरूमच्या खुंट्या. माल उतरवताना काकू हातगाडीशी उभ्या राहून प्रत्येकाचा उद्धार करतात. त्या दिवशी मात्र आमची फळी उतरवताना त्या नुसतं म्हणाल्या, "घे रे बाबा तुझ्या पोरीचं." आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

कारखान्यात परत येऊन मी बूट ओळीत मांडले. सगळे तळहाताएवढे. एक सोडून.

तो एक मोठा होता. फार नाही. इतर बुटांशेजारी ठेवला म्हणून दिसला. कपाटातून डबा काढून मी खरा बूट त्याच्याशेजारी ठेवला. दोघं एका मापाचे.

मी पहिल्यांदा मनाशी म्हटलं, हा कच्चाच राहिलाय. अर्धी भाजलेली माती फारशी आकसत नाही. तसं ओळखायची आमची रीत सोपी आहे: जीभ लावायची. कच्ची माती जिभेला चिकटते. मी जीभ लावली. काचेसारखी गुळगुळीत, थंड. चिकटली नाही. बोटाने टिचकी मारली तर पूर्ण भाजलेल्या मालासारखा लांब, स्वच्छ आवाज आला.

मग म्हटलं, माती वेगळी असेल. पण बादली एकच होती. मग म्हटलं, जास्त आग लागून फुगला असेल. फुगलेल्या मालाला फोड येतात. याला कॉर्डरॉयची रेघ न् रेघ होती.

"काय झालं?" लानयिंगने दारातून विचारलं.

"एक बिघडलाय," मी म्हणालो.

ती जवळ आली. बूट उचलला, आत दोन बोटं घातली आणि टोकापर्यंत नेली. आया मुलांच्या बुटात अंगठ्याला जागा आहे का बघतात, तशी.

"हा बिघडलेला नाही," ती म्हणाली.

४

दुसऱ्या खेपेला मी प्रत्येक बुटाच्या तळाला सुईने खूण केली. सगळे साच्यातून निघाल्या निघाल्या खऱ्या बुटाशी लावून बघितले. फळी मी स्वतः लावली, दार लावेपर्यंत उभा राहिलो. उतरवली तेव्हा एक सोडून सगळे आकसले होते, आणि तो एक आता मीलीच्या खऱ्या बुटापेक्षाही मोठा होता. तळाला माझी खूण होती.

त्याची टाच आतल्या बाजूने झिजलेली होती.

मी तिथेच गाडीच्या काठावर बसलो. भाजलेली चिनी माती झिजायला माणसाची अनेक वर्षं लागतात. हा बूट तर नुकताच भट्टीतून आलेला, मला धरवत नव्हता इतका गरम.

लानयिंगने तो टॉवेलात गुंडाळला आणि दुपारी मला न विचारता बाजारात नेला. मी मागोमाग गेलो. नदीकाठच्या गल्लीत कापडी बूट विकणारी एक जाडजूड बाई बसते. लानयिंगने टॉवेल उघडून विचारलं, "या मापाचा पाय किती वर्षांच्या मुलीचा असेल हो?"

"अगबाई, मातीचा बूट! चालताना फुटेल की गं!" बाई हसली. मग बूट हातात घेऊन वितीने मोजला. "सात. सहाला मोठा होईल." उलटा करून तळ बघितला. "चालताना पाय आत टाकते वाटतं पोरगी? टाच बघ ना कशी घासलीय. बिनदिक्कत पळत असणार. आताच सांग तिला, नाहीतर मोठेपणी गुडघे दुखतात."

"सांगते," लानयिंग म्हणाली.

परत येताना पुलावर ती थांबली. वारा सुटला होता. तिचा चेहरा मी ओळखलाच नाही. मीली गेल्यापासून तो चेहरा मी बघितला नव्हता.

"सात वर्षांची झाली," ती म्हणाली.

"लानयिंग, हे थांबवू या."

"का?"

भीती वाटते म्हणून, असं बापाने म्हणायचं कसं?

तिसऱ्या खेपेनंतर छिउ काकू स्वतः आमच्याकडे आल्या. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत.

"ओउयांग, यापुढे तुमचा माल माझ्या भट्टीत नको."

"काही चुकलं का, काकू?"

"चुकलं नाही. आग बघायला मी भट्टीच्या भोकातून डोकावते, रोजचं आहे. काल तुझ्या फळीकडे बघितलं." त्या थांबल्या. एरवी त्या थांबत नाहीत. "तू चांगला माणूस आहेस. ही लानयिंगही गुणाची पोर आहे. घरची भट्टी आहे ना तुमची? त्यात काय ते करा."

"काय बघितलंत?" लानयिंगने विचारलं.

काकूंनी तिचा हात हातात घेतला, थोपटला आणि निघून गेल्या.

५

भट्टीतून काढलेला माल गप्प बसत नाही. झिलई आणि माती वेगवेगळ्या चालीने थंड होतात, आणि झिलई बारीक तडकत राहते. टिंग. मग बराच वेळ काही नाही. मग टिंग. कारखान्यात जन्म गेलेल्या माणसाला तो आवाज घड्याळासारखा, ऐकूही येत नाही.

म्हणून माळ्यावरचा पहिला आवाज मी तसाच सोडून दिला. भर दुपार होती. लानयिंगने तिखट तांदळाच्या शेवया केल्या होत्या आणि आम्ही कामाच्या टेबलाशीच जेवत होतो. माळ्यावर साचे वाळत असतात, आणि वाढलेले ते बूट लानयिंगने तिथेच खिडकीत ठेवले होते.

टक.

मग थोडं थांबून, टक.

झिलईचा आवाज नव्हता. जड होता, आणि जागा बदलत होता. खिडकीच्या बाजूने पलीकडच्या भिंतीकडे. टक. टक. टक. मग एकदम दोन जलद, आणि शांत. मी मनात उंदीर म्हटलं. मग साच्यातून गळणारं पाणी म्हटलं. दोन्ही माझं मलाच पटेना.

लानयिंगने वाडग्यातून मान वर केली नाही.

"लंगडी घालतेय," ती म्हणाली.

माझ्या हातातल्या जेवायच्या काड्या शेवयांत तशाच राहिल्या.

"तिच्याकडे एकाच पायाचे आहेत ना," लानयिंग म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, उद्या पाऊस येईल म्हणावं तसा. "उजव्याच. दुसरा पाय ती टेकवणार कशी? खाली गार लागतं."

मी उठून जिना चढलो. माळ्यावर कुणी नव्हतं. साच्यांच्या रांगा, प्लास्टरचा वास, खिडकीतून आलेलं पांढरं ऊन. खिडकीत तीन बूट असायला हवे होते. दोन होते. सर्वांत मोठा माळ्याच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीशी, जिथे मीलीच्या वेळचा एक तुटका झोपाळा मी टाकून दिला होता तिथे पडला होता. मी तो उचलला. आतून कोमट होता.

ऊन लागलं असेल, मी स्वतःला सांगितलं. त्या टोकाला ऊन येत नाही.

त्यानंतर रोज. दुपारी, मी साच्यावर वाकलेला असताना. टक, आणि थांबणं. टक, आणि थांबणं. ते थांबणंच मला सहन होईना. तोल सावरण्याचं थांबणं होतं ते. एका पायावर उभं राहून, दुसरा पाय उचलून धरलेलं पोर दमतं. कधी ना कधी त्याला पाय टेकवावा लागतो. एका दुपारी ते थांबणं फार लांबलं, आणि मग काहीतरी जमिनीवर बसल्यासारखा मऊ आवाज आला. नंतर संध्याकाळपर्यंत काही नाही.

मी हातातलं गिऱ्हाइकाचं काम बाजूला ठेवलं आणि प्लास्टरचा एक ठोकळा ओतला.

६

उजव्याचा डावा करणं म्हणजे नुसतं उलटवणं नाही. कापडाचा डावा बूट जळून गेला होता. त्याचं कवच होतं तळहाताएवढं, त्यावरून काही मिळणार नव्हतं. मी खरा उजवा समोर ठेवला, त्याच्याशेजारी आरसा लावला आणि आरशातल्या बुटाकडे बघून प्लास्टर कोरायला बसलो. कॉर्डरॉयची एकेक रेघ सुईने ओढली. मुडपलेली टाच कोरताना एक रेघ चुकली. ती तशीच ठेवली.

लानयिंग माझ्या मागे येऊन उभी राहिली.

"मी सांगितलं नव्हतं तुला," ती म्हणाली.

"नाही."

"मग?"

"दमते ती," मी म्हणालो.

तिने माझ्या डोक्यावर हनुवटी टेकवली. आम्ही दोघं आरशातल्या बुटाकडे बघत तसेच राहिलो. त्या कोरलेल्या बुटावरून मी डाव्या पायाचा साचा केला.

पहिला जोड आम्ही आमच्या छोट्या भट्टीत लावला. उभ्या कपाटासारखी ती, पण उंचीला कमरेच्या वर जेमतेम. दुसऱ्या दुपारी उघडली तर जोड होता, दोन्ही एका मापाचे, दोन्ही आतून झिजलेले, आणि आधीच्यापेक्षा मोठे. नऊ-दहा वर्षांचा पाय, लानयिंग म्हणाली.

त्या दिवशी माळ्यावर कुणीतरी पळालं. या टोकाकडून त्या टोकाकडे, त्या टोकाकडून या टोकाकडे, धडधड, साचे हलतील इतकं. लानयिंग खाली उभी राहून वर बघत होती आणि हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "अगं हळू," ती छताकडे बघून ओरडली. "पडशील!"

मला ती हाक ऐकून हुडहुडी भरली. आणि तरी, मीसुद्धा छताकडेच बघत होतो.

गू बाईंचा फोन यायचा. भिंतीचं काम कुठवर आलं? लानयिंग सांगायची, चाललंय. भिंतीचे बूट केव्हाच बाजूला पडले होते. आम्ही फक्त एकेक जोड भाजत होतो. प्रत्येक जोड आधीच्यापेक्षा मोठा निघायचा. लानयिंग पुन्हा केस विंचरू लागली, बाजारातून कोवळा पालक आणू लागली, "या वयात मुलींचे पाय एकदम वाढतात," असं शेजारणीसारखं बोलू लागली. माळ्यावरची पावलं मात्र बदलली. पळणं कमी झालं. चालणं आलं. मग येरझाऱ्या आल्या. खिडकीपाशी जाऊन थांबणं आलं. तिथून गल्ली दिसते.

७

आमच्या भट्टीलाही भोक आहे, विटेने बंद केलेलं. आग चढली की वीट काढून डोकवायचं, आत त्रिकोणी मातीचे सुळके ठेवलेले असतात, ते वाकले की आग पुरे. मी ते सुळके सवयीने एका कोपऱ्यात ठेवायचो आणि बघतानाही फक्त त्या कोपऱ्याकडे बघायचो. छिउ काकूंनी सांगितलं नव्हतं ते मला बघायचं नव्हतं.

त्या दिवशी सुळका पडून फळीच्या मध्यावर घरंगळला होता. मला शोधावा लागला.

पूर्ण आगीत वस्तू दिसत नाहीत. माती, फळी, भिंत, सगळं एकाच पांढऱ्या उजेडाचं असतं आणि डोळ्याला फक्त कडा कळतात, त्यासुद्धा पाण्यातल्यासारख्या हलणाऱ्या. मला बुटांच्या कडा कळल्या. मग कळलं की कडा बुटांपाशी संपत नाहीत. वर जात होत्या. घोटे. पिंढऱ्या. पाठ माझ्याकडे होती. भट्टी बुटकी, त्यामुळे गुडघे मुडपलेले होते, खांदे दोन्ही भिंतींना लागत होते, आणि मान छताखाली वाकवून ती तशीच उभी होती. हलत नव्हती. वाट बघत असल्यासारखी. मोठ्या माणसांनी जागा करून द्यावी म्हणून मुलं बसमध्ये गप्प उभी राहतात, तशी.

मी वीट लावली. अंगणातल्या नळावर तोंड धुतलं.

मग लानयिंगला बोलावलं. "बघ," म्हटलं.

"नको."

"मी बघितलं. तूही बघ."

तिने वीट काढली. तिच्या चेहऱ्यावर तो पांढरा उजेड पडला. मला वाटलं ती किंचाळेल किंवा हाक मारेल. वीट परत लावून तिने हात पदरासारखे अंगाभोवती आवळून घेतले.

"मान दुखत असेल गं बाई तिची," ती हळूच म्हणाली.

त्या जोडाचं माप लानयिंगच्या स्वतःच्या पायाएवढं निघालं.

८

मग तिनेच थांबवलं. पूर्वी मी थांबवू या म्हणत होतो, आता ती म्हणू लागली. "आता पुरे. आणखी भाजायचं नाही. एवढीच राहू दे."

"त्या भट्टीत?"

"माझ्याजवळ," ती म्हणाली.

मी वाद घातला नाही. पण माळ्यावरची पावलं त्या दिवसापासून बंद झाली. त्याऐवजी दुपारी अंगणातून, थंड, रिकाम्या, कडी लावलेल्या भट्टीतून आवाज यायला लागला. विटेवर काहीतरी घासल्याचा. अडचणीच्या जागी बसलेलं माणूस अवघडलं की या कुशीवरून त्या कुशीवर होतं, तेवढाच. मी दार उघडून बघायचो, फळी आणि भुकटी. बंद केलं की जरा वेळाने पुन्हा.

लानयिंग टेबलाशी बसून तो ऐकायची. जेवण समोर निवायचं. एकदा तिने कानांवर हात घेतले. एकदा माझ्यावर खेकसली, "तू डावा केलासच कशाला? एका पायावर ती कुठे जाणार होती?"

"कुठेच नाही," मी म्हणालो.

ती खूप वेळ रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसलो. दिवस मळभाचा होता, गल्लीत कुणीतरी भांड्यांची गाडी ढकलत नेत होतं, आणि अंगणात ते घासणं चालूच होतं, चिकाटीने, तक्रार न करता.

"माती कालव," शेवटी ती म्हणाली.

मी दोन्ही साच्यांत माती ओतली. झिलई तिने दिली. फळीला माल चिकटू नये म्हणून आम्ही पांढरी भुकटी फासतो, तीही तिनेच नीट, सगळीकडे सारखी फासली. आतापर्यंत आम्ही बूट चवडे आतल्या भिंतीकडे करून ठेवायचो. या वेळी लानयिंगने ते फिरवले. चवडे दाराकडे, दोन्ही जवळजवळ, उंबऱ्यापाशी बाहेर निघणाऱ्या माणसासाठी लावून ठेवतात तसे. तिने दार लावलं, मी लोखंडी कडी आडवी टाकली.

आग चढली. त्या दिवशी आम्ही कुणीच भोकाशी गेलो नाही. गॅस मी अंदाजाने बंद केला.

दुसऱ्या दुपारी आम्ही दोघं कुलूप काढून आत आलो तेव्हा अंगणात भट्टीचं दार वीतभर उघडं होतं. कडी जमिनीवर होती. वाकलेली नव्हती, आपटलेली नव्हती. कुणीतरी खाली ठेवावी तशी, भिंतीला लागून सरळ ठेवलेली.

फळीवर काही नव्हतं. भुकटीत दोन तळव्यांएवढ्या जागा स्वच्छ होत्या. आणि अंगणातल्या सिमेंटवर, भट्टीपासून कारखान्यात, टेबलाला वळसा घालून, पुढच्या दारापर्यंत पांढरे ठसे गेले होते. लांब टांगा. पाय किंचित आत टाकणाऱ्या. कुठेही न थांबलेल्या. जिन्यापाशीही नाही.

मी बुद्धी चालवून बघितली. भुकटी आमच्याच पायांना लागली असेल, आदल्या दिवशी. कडी मी टाकली असं मला वाटलं असेल. जोड कुणी चोरला असेल. पुढच्या दाराचं कुलूप मात्र मी आत्ता उघडलं होतं. मी हे सगळं मोठ्याने म्हटलं असावं, कारण लानयिंगने माझ्या तोंडावर हात ठेवला.

ती ठशांच्या बाजूबाजूने, एकही न पुसता, दारापर्यंत गेली. बाहेर नुकतीच भुरभुर सुरू झाली होती. फरशीवर पहिला ठसा होता, दुसरा अर्धवट, आणि त्यापुढे ओली गल्ली, छत्र्या, भाजीवाली, सायकली. लानयिंगने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. छिउ काकू पलीकडून काहीतरी ओरडून विचारत होत्या. तिने ऐकलं नाही.

ती उंबऱ्यावर बसली. मी शेजारी बसलो. पावसाने दुसरा ठसा नेला, मग पहिला.

"मिस्त्री," बऱ्याच वेळाने लानयिंग म्हणाली, "दोन घास खाऊन तरी जायचं होतं तिने."

"हो," मी म्हणालो.

"बाहेर गारठा आहे."

"हो गं."